चंदेरी पट्टी

"अगं, पण मग ती पट्टी काढली का नाही त्याने?" गवार मोडता मोडता आईने टीव्हीकडे बघत विचारलं.

विमान अपघातांच्या तपासाचा कार्यक्रम लागला होता. एरोपेरू या पेरूच्या विमान कंपनीचं बोईंग ७५७, २ ऑक्टोबर १९९६, लिमाहून सांतियागोला निघालेलं. उंची-वेग कळण्यासाठी हवेचा दाब टिपणारी भोकं विमानाला असतात; विमान धुताना त्यांवर चिकटपट्टी लावली होती, ती तशीच राहिली. बाहेर मिट्ट काळोख, खाली समुद्र आणि उंची-वेगाचे आकडे वाटेल ते सांगताहेत. वेग फार वाढला आणि फार कमी झाला, दोन्ही इशारे एकाच वेळी! ७० जण गेले.

पट्टी चंदेरी, विमानाचं पोटही चंदेरी. उड्डाणाआधीच्या तपासणीत कुणाला दिसलीच नाही.

"धरलं असणार त्या धुणाऱ्याला," आई म्हणाली. पुढची शेंग उचलली.

खरंच, तो कामगार दोषी ठरला. आईने शेवट न बघताच ओळखलं.

आज ऑफिसात एका कागदावर 'तपासले' लिहून मी सही ठोकली. जेवायच्या सुट्टीत आठवलं, मागचं पान उलटलंच नव्हतं. परत जाऊन उलटलं. काही नव्हतं तिथे.

तुम्ही उलटता का हो?