थंडी एकाच चाकाला वाजते का?

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. कढईसारखा आकार, तळाला दाते आणि कढईत उभं उद्गारचिन्ह. पहिल्यांदा लागला तेव्हा मी तो बराच वेळ निरखला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तळाला लागतंय बहुतेक." तो टायर आहे, आडवा कापून दाखवलेला, आणि चाकातली हवा कमी झाल्याचं सांगतो, हे पुस्तिका उघडल्यावर कळलं. टायर असा कापलेला आपण कधी बघतो?

जानेवारीतला गुरुवार होता. नाशिकचा पारा नऊवर. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एका पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आणि वाचलेलं वापरायची संधी मी सहसा सोडत नाही. दसऱ्याच्या सुमारास भर दुपारी ३३ भरलेली, तेव्हा ऊन ३१ अंश, आता नऊ. म्हणजे चार पीएसआय नुसते थंडीने खाल्ले. दिवा लागणारच! पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनाही हे सगळं समजावून सांगितलं. ते कानटोपी खाली ओढत "असं होय" म्हणाले. मग स्टिअरिंगच्या बाजूचं 'सेट'चं बटण दाबून धरलं. पीप वाजलं, दिवा गेला. चाकांकडे वाकून बघितलं नाही. सांगितलं ना, थंडी होती.

रविवारी निफाडला आत्याकडे निघालो. तिथली थंडी म्हणजे द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात अशी. पण आम्ही निघालो तोवर ऊन चांगलं चढलं होतं. चांदोरी सोडली आणि कढई पुन्हा चढली.

"परत थंडी?" बायकोने स्वेटर काढता काढता विचारलं.

पुढे बाभळीला पांढरा रंग दिलेला टायर टांगलेला दिसला, तिथे गाडी घेतली. पंक्चरवाला चहा पीत होता. मी उतरल्या उतरल्या त्याला सिद्धांत ऐकवला. त्याने ग्लास खाली ठेवला, गेज घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. पस्तीस, पस्तीस, चौतीस आणि मागचं डावं एकोणीस.

"थंडी काय एकाच चाकाला वाजती का साहेब?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर गाडीकडेही हाच प्रश्न होता. माझ्या गाडीत चाकाच्या आत हवा मोजणारं काही नाहीच. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात, तेच हे जोडकाम करतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बुटकं होतं आणि तेवढंच अंतर कापायला इतरांपेक्षा जास्त फिरतं. एक चाक जास्त धावपळ करतंय असं दिसलं, की दिवा. हवा किती, हे त्याला माहीतच नाही. काकांच्या नव्या गाडीत प्रत्येक वॉल्व्हला बॅटरीवरचा सेन्सर आहे, तो रेडिओने आकडा कळवतो. तिथे थंडीनेही दिवा लागतो. म्हणजे सिद्धांत बरोबर होता, गाडी चुकीची होती.

माझ्या गाडीत चारही चाकं थंडीने सारखीच बसली असती, तर दिवा गप्पच राहिला असता. आमच्याकडे एकदम चौघांनाही सर्दी होते तेव्हा कोणी कोणाला "बरं नाही का?" विचारत नाही, तसंच. आणि गुरुवारी बटण दाबून मी काय केलं? एक चाक लंगडत असताना गाडीला सांगितलं, हेच नेहमीचं धर. तिने बिचारीने धरलं. लंगडणं आणखी वाढलं तेव्हा कुठे पुन्हा बोलली.

पंक्चरवाल्याने वॉल्व्हवर थुंकी लावली. बुडबुडा नाही. मग जॅक लावून चाक उचललं, साबणाचं पाणी मारत हाताने हळूहळू फिरवलं. अर्ध्या फेरीला दोन खाचांच्या मध्ये मोहरीएवढे फुगे येऊ लागले. एक फुटला की त्याच जागी दुसरा. पकडीने त्याने तिथून चपलेला मारतात तसली चूक उपसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

"चार-पाच दिवस तरी असंल आत," तो म्हणाला. मी हिशेब केला नाही.

टोच्याने भोक साफ करून त्याने सोल्युशन लावलेली रबरी वात आत खुपसली, वर राहिलेलं टोक ब्लेडने उडवलं आणि हवा मारली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय म्हणून मी बाकीच्या तिघांतली दोन-दोन काढायला सांगितली. त्याने मान हलवली. गाडी चालून आलीय, टायर तापलेत, आत्ता जास्तच दाखवणार. सकाळी गार असताना बघा. या विषयावरचं वाचन मी तिथेच थांबवलं.

"आता दाबा सेट." दाबलं.

पैसे देताना त्याने विचारलं, "स्टेपनी बघू का?"

डिकीतून आत्यासाठी घेतलेली चिवड्याची पिशवी, दोन छत्र्या, मुलाची बॅट असं सगळं रस्त्यावर मांडलं. तळातून स्टेपनी निघाली. गेजचा काटा अकरावर. तिच्याविषयी दिवा कधी बोललाच नसता, ती फिरतेय कुठे.

"हिला पण थंडी?" बायको म्हणाली.

पंक्चरवाला खाली मान घालून हवा मारत राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.