आईचा शेंगेन व्हिसा आणि नावाला चिकटलेलं ‘बेन’

“पासपोर्ट चालू आहे ना माझा? मग झालं तर,” आई जानेवारीत म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. पासपोर्ट खरंच चालू होता. मुदत १९ ऑगस्ट २०२५ची, आणि आम्ही युरोपातून परतणार होतो २ जूनला. अडीच महिने हातात. मलाही वाटलं, झालं.

झालं नव्हतं. शेंगेन म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा गट. त्यांचा नियम असा, की तिथून बाहेर पडायच्या तारखेपासून पुढे किमान तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे. शिवाय तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि आत दोन पानं कोरी असावीत. २ जूनच्या पुढे तीन महिने म्हणजे २ सप्टेंबर. चौदा दिवस कमी पडत होते. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत सतरा वर्षं हिशेब लिहितेय मी. एक रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसते. आणि घरातला चौदा दिवसांचा फरक मला दिसला नाही.

मग आधी पासपोर्टचं नूतनीकरण. छत्तीस पानी पुस्तिकेचे १५०० रुपये भरले, बडोद्यातच सेवा केंद्रात जाऊन आलो, महिन्याभरात नवा पासपोर्ट पोस्टाने घरी. ते काम खरंच सोपं झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी गंमत पुढे. फिरायचं होतं तीन देशांत: फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि व्हिसा एकच लागतो, पण तो मागायचा कोणाकडे, याला नियम आहे. जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. दादाने पुण्यात बसून आखलेला कार्यक्रम चार-चार-चार रात्रींचा, अगदी भावंडांत वाटणी केल्यासारखा. म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. आईने कागद बघितला आणि विचारलं, “पॅरिसमध्ये चार रात्री करायचं काय? तो मनोरा एकदाच बघायचा ना?” तिला डोंगर बघायचे होते. एक रात्र पॅरिसमधून उचलली आणि स्वित्झर्लंडला टाकली. तीन, पाच, चार. अर्ज आपोआप स्वित्झर्लंडचा झाला. हा देश युरोपीय संघात नाही, पण २००८पासून शेंगेनमध्ये आहे. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हे पटवून देण्यात माझा एक जेवणाचा डबा थंड झाला.

अर्ज भरायला बसलो. त्यात एक रकाना आहे, जन्माच्या वेळचं आडनाव. आईचं लग्न १९७८चं. पासपोर्टवर तिचं माहेरचं आडनाव कुठेच नाही. मी विचारलं तेव्हा तिने ते इतक्या ठसक्यात सांगितलं, की मी टाइप करता करता थांबले. “किती वर्षांनी कोणीतरी विचारलं गं,” म्हणाली. पुढचा रकाना जन्मस्थळाचा. ती जन्मली १९५६ साली, तेव्हा हे गाव मुंबई राज्यात होतं, गुजरात व्हायला अजून चार वर्षं होती. शहराचं सरकारी नाव वडोदरा झालं १९७४ साली. आम्ही मराठी माणसं आजही बडोदाच म्हणतो. पण अर्जात आपलं प्रेम लिहायचं नसतं. पासपोर्टवर जे छापलंय तेच, अक्षरन् अक्षर तसंच. मी तेच केलं. आई जरा नाराज झाली. “सयाजीराव महाराज १८८७ साली विलायतेला गेले तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, बडोदा की वडोदरा?” ह्यावर काय उत्तर देणार.

आणि मग आलं ते ‘बेन’.

गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांना हे सांगायला नको. इथे बाईच्या नावाला बेन आणि पुरुषाच्या नावाला भाई लागतं ते आदराने. बाबांच्या नावाचं लाइट बिल अजून ‘भाई’ लावून येतं, बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी. बँकेत खातं उघडताना कोणा भल्या क्लार्कने आईच्या नावापुढे आदराने बेन जोडलं, आधारवालाही आदरशीर निघाला. तिथे आडनाव आधी, मग बेनसकट नाव, मग बाबांचं नाव, त्याला भाई. पासपोर्टवर मात्र नुसतं नाव. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात निदान चार बायका अशा दोन-दोन नावांनी सुखाने जगतायत. पण व्हिसाच्या फाइलमध्ये पासपोर्ट एका बाईचा आणि पैसे दुसऱ्या बाईचे, असं दिसतं. माझ्या भाषेत सांगायचं तर ताळा जुळत नव्हता.

बँकेत गेले. ते म्हणाले, आधी आधार बदला. आधार केंद्रात पासपोर्ट पुरावा म्हणून चालतो, अर्ज दिला, पण नवं नाव चढेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर नोटरी गाठला. ई-स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. नोटरी वयस्कर, चष्मा कपाळावर. त्याने आईला विचारलं, “माजी, तमे बन्ने एक ज छो ने?” आई शांतपणे म्हणाली, “अत्यार सुधी तो एक ज छुं.” आतापर्यंत तरी एकच आहे. तो इतका हसला की शिक्का वाकडा बसला आणि कागद पुन्हा छापावा लागला.

पैशांचा घोळ याहून मोठा, आणि तो आमचा आम्हीच केलेला. ओळखीच्या एका एजंटने फोनवर सल्ला दिला होता, “बेन, खातामां पांच लाख बतावी दो, काम थई जशे.” मी तो कानाआड केला, पण दादाने केला नाही. मला न विचारता त्याने आईच्या खात्यात एका दिवसात तीन लाख टाकले. आता तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये चित्र असं: दर महिन्याला पेन्शन, गॅसचे पैसे, औषधाचं दुकान, आणि अचानक मधोमध तीन लाख. आमच्याकडे ऑडिटर पहिलं बोट अशाच नोंदीवर ठेवतो. पैसे परत पाठवावे तर दोन संशयास्पद नोंदी होतात, म्हणून ते तसेच राहू दिले आणि खुलासा जोडला. दादाचं पत्र की हे पैसे मी आईच्या प्रवासासाठी दिले, त्याचं स्वतःचं बँक स्टेटमेंट, आणि तो तिचाच मुलगा हे दाखवायला त्याचा जन्मदाखला. जन्मदाखल्यावर आईचं नाव बेनशिवाय होतं, देवाची कृपा. कोणी विचारलं तर सांगते: खात्यात आहे तेवढंच दाखवा. आईची पेन्शन, जुन्या मुदत ठेवींच्या पावत्या आणि माझ्या पगाराचे कागद एवढ्यावर तिची फाइल मुळात ठीकच होती. माझ्या फाइलमध्ये तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आयकर विवरणपत्रं आणि कंपनीचं रजेचं पत्र, त्यात जायच्या-यायच्या तारखा आणि परत कामावर रुजू होणार हे वाक्य. ते वाक्य फार मोलाचं. आईला रुजू व्हायला नोकरी नाही. ती परत का येईल? मी तिच्या पत्रात पेन्शन आणि घराचा मालमत्ता कर लिहिला. ती म्हणाली, “तुळस पण लिही.”

विम्याचं एका ओळीत सांगते: किमान ३०,००० युरोचं कवच, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, संपूर्ण मुक्कामाचं, आणि त्यात आजारपण किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला हवा. आईने ती अट दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, “बरं आहे, मुक्तिधामाची चिंता मिटली.” मला ते ऐकवलं नाही.

मार्चमध्ये अहमदाबादच्या अर्ज केंद्राची वेळ मिळाली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आम्ही मध्ये होतो. पहाटेच्या गाडीने गेलो. काउंटरवरच्या मुलीने आईचा फोटो उचलला, आईकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. माप बरोबर होतं, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पाठीमागे पांढरं. पण रावपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्याने संगणकावर आईच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. फोटोत होती माझ्या वयाची एक गुळगुळीत बाई. “हा नाही चालणार,” मुलगी म्हणाली, “मावशी ह्यात ओळखू येत नाहीत.” तिथेच पैसे भरून दुसरा काढला. त्यात आई एकोणसत्तर वर्षांची आणि रागावलेली दिसते.

मग बोटांचे ठसे. डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, हिरव्या काचेवर. आईने चौतीस वर्षं मराठी शाळेत खडू धरला, आणि त्याआधी आणि त्यानंतर भांडी. काचेवर हात ठेवला की पडद्यावर नुसते फिकट ढग यायचे. मुलाने ओला टिश्यू दिला. मग म्हणाला, हात चोळा. मग स्वतः उठून आला आणि तिच्या एकेका बोटावर आपलं बोट ठेवून हलकेच दाबायला लागला. अनामिका येईना. सातव्या खेपेला पडद्यावर बारीक रेघांचं भोवरं उमटलं, तेव्हा रांगेतल्या मागच्या काकांनीसुद्धा “आव्यू!” म्हटलं. हे ठसे ५९ महिने चालतात, तोवरच्या पुढच्या अर्जाला सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. आईने लगेच हिशेब केला, चौऱ्याहत्तरीपर्यंत बोटं मोकळी.

फी प्रत्येकी ९० युरो, रुपयांत, वर केंद्राचं सेवाशुल्क. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका असली तर पंचेचाळीसपर्यंत. आम्हाला सोळाव्या दिवशी पाकीट आलं. आईने उघडू दिलं नाही, आधी देवापुढे ठेवलं, मग कात्रीने कडेने कापलं.

चिकटवलेला व्हिसा नीट वाचा, नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेश किती वेळा, आणि दोन निरनिराळे आकडे. आमच्यावर वैधता २१ मे ते १७ जून अशी होती, पण मुक्काम १३ दिवसांचाच. दादा लगेच म्हणाला, अरे वा, १७ जूनपर्यंत राहा मग. नाही. ते पंधरा दिवस विमान चुकलं, तारीख सरकली तर म्हणून. राहायचे दिवस तेराच, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात.

सामान भरताना पेढ्यांवरून एक वाद झाला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. पेढे राहिले, लीलो चिवडा गेला.

पॅरिसला उतरलो तेव्हा आईला एकच शंका होती: व्हिसा स्वित्झर्लंडचा, मग हे फ्रान्सवाले कसे सोडतील? खिडकीतल्या माणसाने किती दिवस एवढंच विचारलं आणि शिक्का मारला. शिक्क्यात चांदण्यांच्या कोंडाळ्यात फ्रान्सचं अक्षर, एक बारीक विमान, तारीख. निळी प्लास्टिकची फाइल, सदतीस कागद, प्रतिज्ञापत्र सगळ्यात वर, ती उघडायची वेळच आली नाही.

चौथ्या दिवशी पॅरिसहून झुरिकची रेल्वे. आई खिडकीशी बसली, फाइल मांडीवर, चष्मा लावलेला. म्युलूझ गेलं. मी सांगितलं, आता सीमा येईल. तिने पदर सारखा केला, पासपोर्ट हातात घेतला. बाहेर शेतं, मग घरं, मग एक मोठं स्टेशन, पाटीवर बाझेल. लोक चढले, उतरले. गाडी सुटली.

“सीमा कुठाय?”

“गेली.”

“कोणी आलंच नाही?”

“नाही.”

तिने फाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मागे वळून त्या स्टेशनाकडे, कोणी राहिलं असेल तर अजूनही येईल या आशेने. “त्या नोटरीला तरी सांगायला हवं,” म्हणाली, आणि चिवड्याचा डबा उघडला.