तुम्ही विचारलंत म्हणून: हिमालयातल्या मोहिमेवरून परत आल्यावर सगळ्यात सुखाचं काय वाटलं?

हे विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं: गरम पाण्याची आंघोळ, नाहीतर आईच्या हातचा वरणभात. मीही ‘हो ना’ म्हणून वेळ मारून नेतो. खरं उत्तर आहे गंगोत्रीतल्या एका ढाब्यावरची प्लास्टिकची खुर्ची. एक पाय मोडलेला, तारेने बांधलेला.

आम्ही अकरा जण सतोपंथ शिखराच्या (7,075 मीटर) चढाईला गेलो होतो. शिखर झालं नाही. बर्फ थांबेना, वरच्या कॅम्पवरून मागे फिरलो. ते रडगाणं पुन्हा कधीतरी. पण गंगोत्री सोडल्यापासून परत येईपर्यंत 24 दिवस दगडावर बसा, सॅकवर बसा, टेंटमध्ये मान वाकवून मांडी घाला. आडवं झालं की पाठ टेकते, पण बसल्या बसल्या पाठ टेकणं ही वेगळीच चैन आहे, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या खुर्चीत बसलो तो तासभर उठलोच नाही. समोर चहा येऊन गार झाला.

दुसरा नंबर कडीचा. संडासाला दार आणि दाराला आतून कडी! अकरा जणांत कुणाचं पोट कसं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर जेवताना चर्चाही होते. (कुणाला काही वाटत नाही, हे त्याहून वाईट.)

गादी मात्र जमली नाही. पुण्यात चार रात्री फरशीवर मॅट टाकून झोपलो. नळाचंही तसंच. वरच्या कॅम्पवर पातेलं भरून बर्फ वितळवला की तळाशी थोडंसं पाणी जमायचं, तेही गॅस जाळून. घरी भाऊ नळ सोडून दात घासत होता, तर मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा तोंडातला फेस तसाच ठेवून बघत राहिला.

आणि शिट्टी. आमचा बेस कॅम्प वासुकी तालला, सुमारे 4,900 मीटरवर. तिथे पाणी 84 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. त्यामुळे सगळा कारभार कुकरवर. पाचवी शिट्टी झाली की अकरा ताटल्या खडखडत किचन टेंटकडे निघायच्या. उशीर केला तर लोणचं संपलेलं.

घरी आल्यावर आठवडाभराने, दुपारी दीडच्या सुमाराला, शेजारच्यांचा कुकर वाजला. मी लॅपटॉपवर मेल लिहीत होतो. भानावर आलो तेव्हा हातात ताटली घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो आणि आई विचारत होती, “अरे, आत्ताच तर जेवलास ना?”