स्पेअर मिळतो का, हा पहिला प्रश्न

जूनचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या घरातला वर्षातला सगळ्यात खर्चिक आठवडा. दिवाळीला निदान बोनस तरी असतो, जूनमध्ये मात्र वह्या, दप्तरं, बूट, रेनकोट, छत्र्या सगळं एकदमच अंगावर येतं, आणि मे महिन्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरून झालेले असतात त्यामुळे हातात तसंही फार काही उरलेलं नसतं. दोन मुलं, आई (म्हणजे सासूबाई), आम्ही दोघं आणि एक पगार. त्यामुळे काटकसर आमच्याकडे रोजचीच आहे, वरणभातासारखी. पण ती कुठे करायची आणि कुठे नाही हे कळायला मला लग्नानंतरची दहा-बारा वर्षं लागली.

आता एक नियम पक्का केलाय. पाचशे रुपयांच्या वरची कुठलीही वस्तू घ्यायची असेल तर किंमत विचारायच्या आधी विचारायचं, "दादा, याचे पार्ट सुटे मिळतात का? आणि कुठे?" दुकानदार लगेच "मिळतात की, इथेच मिळतील" म्हणाला तर पुढे बोलायचं. "अहो ताई नवीनच घ्यायचं मग" असं म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.

हे शिकले ते मिक्सरवरून. लग्नातला मिक्सर चौदा वर्षं चालला होता, त्याचा आवाज फार यायला लागला म्हणून एका ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तातला घेतला, तीन भांडी, चकचकीत रंग, जवळजवळ अर्ध्या किमतीत. सात महिन्यांनी चटणीच्या भांड्याचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारा छोटा दातेरी तुकडा, तुटला. पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत तीन दुकानं फिरले, तिघांनीही हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं, हे माप कुणाकडेच नाही म्हणाले. कंपनीला फोन केला तर म्हणाले सुटा पार्ट देत नाही, अख्खं भांडं घ्या, आणि ते भांडंही स्टॉकमध्ये नाही. मोटर चांगली, पाती चांगली, आणि पन्नास रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खा मिक्सर भंगारात गेला. खूप वाईट वाटलं, पैशाचं तर वाटलंच पण चांगली चालणारी वस्तू अशी टाकायची याचं जास्त वाटलं.

मग माळ्यावरचा जुना खाली काढला आणि त्याच बोहरी आळीत नेला. त्याचा कपलर पहिल्याच दुकानात मिळाला, चाळीस रुपये. दुकानातल्या काकांनी तेव्हा एक गोष्ट नीट समजावून सांगितली, कपलर रबराचा किंवा प्लास्टिकचा मुद्दाम करतात, म्हणजे भांड्यात काही अडकलं तर आधी कपलर तुटतो आणि मोटर वाचते. म्हणजे तो तुटणारच, तुटण्यासाठीच आहे तो! मग जो तुटणारच आहे तो बाजारात सुटा मिळत नसेल तर त्या मिक्सरचं आयुष्य पहिल्या कपलरइतकंच. घरी बदलायचा असेल तर एक लक्षात ठेवा, आमच्या मिक्सरच्या मोटरवरच्या कपलरचा आटा उलटा आहे, नेहमीसारखा फिरवला तर आणखी घट्ट बसतो. मी अर्धा तास चुकीच्या बाजूने जोर लावत होते.

आणि आणखी एक, मिक्सर वाटता वाटता एकदम बंद पडला तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. प्लग काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, दहा मिनिटं गार होऊ द्या आणि मग खाली उलटा करून बघा, बऱ्याच मिक्सरना तळाला एक छोटं लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. ते दाबलं की परत चालू. आमच्या शेजारच्या वहिनी याच कारणासाठी दुरुस्तीवाल्याकडे निघाल्या होत्या.

कुकरचंही तेच. आमच्याकडे दोन आहेत, एक आतल्या झाकणाचा हॉकिन्स आणि एक बाहेरच्या झाकणाचा प्रेस्टिज. दोन्ही चांगले आहेत, आतल्या झाकणाचा लावायला नवख्या माणसाला जरा जड जातो पण एकदा हाताला वळण पडलं की काही नाही. मी दोन्ही वापरत राहिले ते एकाच कारणाने, दोन्हीच्या रिंगा, शिट्ट्या, वॉल्व, दांडे, अगदी दांड्याचा स्क्रूसुद्धा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. रिंग सैल होऊन वाफ बाजूने यायला लागली की फ्रीजरमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवून लावायची, तेवढी वेळ निघून जाते, पण ती वेळ निघण्यापुरतीच, त्यावर महिने काढायचे नाहीत. आणि सेफ्टी वॉल्व आणि रिंग या दोन गोष्टींत मी कधीच स्वस्तातलं घेत नाही. ओरिजिनल, आपल्या लिटरचं माप सांगून, पाकिटातलं. तिथे वीस रुपये वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

पंख्याच्या बाबतीत मात्र माझा नियम जरा अडकला, तेही सांगते. मागच्या वर्षी हॉलमधला पंखा बदलायचा होता. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि हे नवीन बीएलडीसी पंखे (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) ३० वॅटच्या आसपास. म्हणजे ४५ वॅटचा फरक, आमचा हॉलचा पंखा दिवसाला सहज बारा तास चालतो, आई दिवसभर तिथेच असतात, म्हणजे महिन्याला सोळा युनिट. युनिटला साधारण नऊ-दहा रुपये धरले तर महिन्याचे दीडशे. मार्च ते ऑक्टोबर चालतो असं धरलं तर वर्षाचे बाराशे. किमतीतला फरक पंधराशेचा होता. म्हणजे सव्वा-दीड वर्षात वसूल, मग पुढे सगळी बचतच. इथपर्यंत छान. पण साध्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बदलून देतो, बीएलडीसीचं सर्किट गेलं तर कंपनीच्या माणसाशिवाय गत्यंतर नाही. म्हणून मी असं केलं, हॉलमध्ये बीएलडीसी, तोही पाच वर्षांची वॉरंटी लेखी असलेला आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे असा, आणि मुलांच्या खोलीत जिथे पंखा रात्रीपुरताच चालतो तिथे जुना साधा तसाच ठेवला. वर्ष झालं, आवाज नाही, हवा चांगली आहे, रिमोट मात्र दिवसातून दोनदा हरवतो. घेताना वीजबचतीच्या स्टारच्या लेबलवर कुठल्या वर्षाचं आहे तेही बघा बरं का, कारण स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला पाच स्टारवाला आणि नवीन पाच स्टारवाला सारखा असेलच असं नाही.

आता दप्तरं. दप्तर टाकायची वेळ कशामुळे येते ते आठवून बघा, कापड फाटून क्वचितच, दहातली आठ चेनमुळे. आणि चेन म्हणजे तरी चेन नाही, रनर. रनर झिजून त्याची तोंडं फाकतात आणि मग तो दाते धरत नाही. एक छोटी पक्कड घ्यायची, रनरच्या मागच्या दोन्ही कडा, एका वेळी एकच, अगदी हलक्या हाताने दाबायच्या. जोर लावला तर तुटतो. मग दातांवरून मेणबत्ती घासायची. धाकट्याचं दप्तर या एवढ्यावर अख्खं एक वर्ष चाललं. तरी नाही जमलं तर चप्पल-बॅगवाले दादा नवीन रनर बसवून देतात, अगदी किरकोळ पैशात. नवीन दप्तर घ्यायचंच असेल तर वरचं कार्टून बघू नका, चेन जाड आहे का ते बघा, दुकानदाराला ८ किंवा १० नंबरची चेन म्हटलं की कळतं, ५ नंबरची बारीक असते ती वह्यापुस्तकांच्या वजनाला टिकत नाही. आणि पट्टे जिथे शिवलेत तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई हवी.

छत्रीबद्दल थोडक्यात, जितक्या घड्या तितके सांधे, आणि जितके सांधे तितकी मोडायची ठिकाणं. पर्समध्ये मावते म्हणून तीन घडीची घेतो आणि सिंहगड रोडच्या एका वाऱ्यात ती उलटी होते. यांची लांब दांड्याची काळी छत्री नऊ पावसाळे झाली, दोनदा काडी बदलली, एकदा कापड. मंडईच्या बाजूला पावसाच्या तोंडावर छत्री दुरुस्तीवाले बसतात त्यांच्याकडे. त्यांच्याशी मी भाव करत नाही. तुळशीबागेत मी मनापासून घासाघीस करते, तो त्या बाजाराचा रिवाजच आहे, दुकानदारही तसाच भाव सांगतो, पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाने सांगितले ते द्यायचे. ही माणसं परवडेना म्हणून उठून गेली तर आपली सगळी काटकसरच संपली.

वह्यांचं काम या वर्षी लेकीने केलं, त्याचा मला फार आनंद झालाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागच्या वर्षीच्या वह्यांत कोरी पानं किती उरतात! आमच्याकडे दोघांच्या मिळून चौदा वह्या निघाल्या. पानं फाडायची नाहीत, कारण पिनेच्या वहीत पुढचं आणि मागचं पान एकच कागद असतो, एक फाडलं की दुसरं सुटतं. त्यामुळे आधी मधल्या पिना बोथट सुरीने उघडायच्या आणि कोरी जोडपानंच अख्खी बाहेर काढायची. एकरेघी, दुरेघी, चौकटी असे वेगळे गठ्ठे करायचे. वीस-पंचवीस जोडपानांचा गठ्ठा मधोमध दुमडून, घडीवर दाभणाने तीन भोकं, एक बरोबर मध्ये, दोन वरखाली. जाड दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा म्हणजे सरकत नाही. आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी धरून गाठ मारायची, म्हणजे तो टाकाही धरला जातो. कव्हरला जुन्या मोठ्या कॅलेंडरचा जाड कागद, पांढरी बाजू बाहेर. नऊ वह्या झाल्या, कच्च्या कामाला आणि गणिताच्या सरावाला वर्षभर पुरतील. बाकीच्या अप्पा बळवंत चौकातून डझनाच्या भावात आणल्या, शेजारच्या दोन घरांनी आणि आम्ही मिळून, एकत्र घेतलं की भाव बराच खाली येतो.

किराण्याचं एकच सांगते. पाकिटावर एमआरपीच्या जवळ आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त हा आपला समज असतो, पण मी बिस्किटं आणि शाम्पूचं बघायला लागले तेव्हा कितीदा तरी छोटी पुडीच स्वस्त निघाली. पावडरच्या साबणात मात्र मोठं पाकीटच.

आणि जिथे कंपनी दादच देत नाही तिथे गप्प बसू नका. माझ्या त्या मिक्सरच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं, नाहीतर मी नक्की तक्रार केली असती. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. शिवाय २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यावर काही कंपन्यांची दुरुस्तीची आणि स्पेअर पार्टची माहिती एका ठिकाणी मिळते. मोबाइल, घरातली यंत्रं, गाड्या, शेतीची अवजारं असे विभाग आहेत. घेण्याआधी एकदा बघून घ्यावं.

या सगळ्यात आईंचं काम वेगळंच चाललंय, गोधडीचं. त्यांच्या जुन्या सुती साड्या, वापरून वापरून इतक्या मऊ झाल्यात की नेसायला नकोत पण टाकवत नाहीत. पाच साड्या निघाल्या. सिंथेटिक साड्या त्यांनी बाजूलाच ठेवल्या, थर आत सरकतात आणि घाम टिपत नाहीत म्हणाल्या. सुतीच्या खळ जाईपर्यंत दोनदा धुतल्या, काठ काढून ठेवले, आणि हॉलमधलं टीपॉय हलवून फरशीवर एकावर एक पसरल्या, सुरकुती राहू नये म्हणून आम्ही चौघांनी चार कोपरे धरले होते. आधी मोठे मोठे कच्चे टाके, मग कडेपासून आत आत येत बोटभर अंतराने धावदोरा. वरच्या थराला त्यांची निळी इरकल आहे, धाकट्याच्या बारशाला नेसलेली. खर्च म्हणाल तर दोऱ्याच्या रिळांचा, शंभराच्या आत.

त्यांना आता सुईचं नाक दिसत नाही. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी लेक रोज सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते, संध्याकाळपर्यंत त्या संपतात. काल दुपारी पहिला पाऊस झाला, रात्री गारवा आला, आणि अजून मधली हातभर जागा शिवायची राहिलीय तरी धाकटा तीच अर्धवट गोधडी ओढून झोपला. आईंनी सकाळी आधी त्याच्या अंगाखालून सुया मोजून घेतल्या. दहाच्या दहा होत्या.