ओव्हल: आपलं ७१, त्यांचं ७६

लंडनला आलेला मराठी पाहुणा ओव्हल क्रिकेट मैदानाच्या दारात उभा राहिला की १९७१ काढणार, हे ठरलेलं. वाडेकरांची टीम, चंद्रशेखरचे सहा बळी, इंग्लंडमधला आपला पहिला मालिका विजय. मीही हौसेने फोटो काढून देते. पण या भागात राहायला आल्यावर कळलं, ब्रिक्स्टनकडच्या कॅरिबियन मंडळींसाठी ओव्हल म्हणजे १९७६.

ब्रिक्स्टन इथून सरळ रस्त्याने चालत अर्ध्या तासावर. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं आली. ज्यांची कुठेच सोय नव्हती त्यांना क्लॅपमच्या युद्धकाळातल्या भुयारी निवाऱ्यात ठेवलं. काम मिळवून देणारी जवळची कचेरी ब्रिक्स्टनला, म्हणून वस्तीही तिथेच वाढली. खोली बघायला गेलं की ‘काळे नकोत’. बँका कर्ज देईनात, तेव्हा यांनी ‘पार्डनर’ लावली, म्हणजे आपली भिशीच, आणि त्यातून घरं घेतली. १९५० मध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला त्यांच्या घरात पहिल्यांदा हरवलं, तेव्हा कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन लोकगाणी, गाणारा लॉर्ड किचनर गिटार घेऊन मैदानात नाचत सुटला. तोही विंडरशनेच आलेला.

१९७६ ची गोष्ट मी ऐकली ती आमच्या चौकातल्या एका जमैकन आजोबांकडून. बसच्या डेपोतून निवृत्त झालेले. दुपारभर डॉमिनोज खेळतात, आणि सोंगटी टेबलावर दाणकन आपटल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही.

इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग, जन्माने दक्षिण आफ्रिकेतला गोरा. वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेच्या तोंडावर तो टीव्हीवर म्हणाला की यांना मी लोटांगण घालायला लावणार आहे. त्याच्या दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेद जोरात होता. आणि ऐकणारे कोण? ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत गुलाम होते ते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिशांनी गुलामी संपवली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती छदामही नाही. हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, असं आजोबा म्हणतात. दाणकन सोंगटी.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता, ओव्हलचं गवत करपून पिवळं पडलेलं. पाटा खेळपट्टी. वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सच्या २९१ धावा. मग जिथे कुणाचा चेंडू उसळत नव्हता तिथे त्यांच्याच होल्डिंगने सामन्यात १४ बळी घेतले, ग्रेगचा तर दोन्ही डावांत त्रिफळा. ब्रिक्स्टनहून आलेली गर्दी डबे, शिंगं, घंटा वाजवत होती. शेवटी ग्रेग स्वतःच त्यांच्या स्टँडसमोर गुडघ्यांवर रांगला. थट्टेत का होईना, रांगला. मालिका वेस्ट इंडीजने ३-० जिंकली. बुधवारी डेपोत सुपरवायझरने पहिल्यांदाच ‘मिस्टर’ म्हणून हाक मारली, असं आजोबा सांगतात. यात तिखटमीठ किती, देव जाणे!

रिचर्ड्सचं च्युइंग गम आणि हेल्मेटशिवाय ऐटीत चालत येणं यावर आपल्याकडेही लोक फिदा होते. मनगटावरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्टीकडे मात्र कोण बघणार? इथल्या काळ्या पोरांनी नेमकी तीच पाहिली. ते रास्ताफारी या जमैकन पंथाचे रंग, आफ्रिकेशी नातं सांगणारे. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेवर क्रिकेटचा बहिष्कार होता; तो मोडून १९८३ मध्ये तिथे काढलेल्या बंडखोर दौऱ्यासाठी भरपूर पैसा पुढे केला गेला, रिचर्ड्स गेला नाही. जे गेले त्यांच्यावर वेस्ट इंडीज बोर्डाने आजीवन बंदी घातली. पुढे ती उठली खरी, पण आजोबांच्या टेबलावर त्यांची नावं अजून चालत नाहीत.

आता ओव्हलवर तो गोंगाट नाही. ढोल-शिंगांवर बंधनं आली, तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढायची, आणि वेस्ट इंडीजही तो राहिला नाही. माझ्या मते पहिली दोन कारणं जास्त जबाबदार. हरणाऱ्या संघामागेही माणसं जातात, पण वाजवू दिलं तर.

आजोबांच्या नातवाला क्रिकेटचं सोयरसुतक नाही. तो फुटबॉलवाला, अंगात इंग्लंडचा तीन सिंहांचा शर्ट. यावरून घरात वर्षानुवर्षं धुसफूस. आजोबा आयुष्यभर इंग्लंडच्या विरुद्ध जो खेळेल त्याच्या बाजूने. २०२१ च्या युरो फायनलमध्ये रॅशफर्ड, सांचो आणि साका पेनल्टी चुकले आणि त्या तिघांवर वर्णावरून शिव्यांचा पाऊस पडला. त्या आठवड्यात आजोबांनी नातवाला पहिल्यांदा ग्रेगची गोष्ट सांगितली. पोराने सगळं ऐकून घेतलं, शर्ट काही काढला नाही. आजोबांनी साकाचं नाव असलेला नवा शर्ट स्वतः आणून दिला. इंग्लंड जिंकावं असं मात्र अजून म्हणत नाहीत.