गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? सियाझची सात वर्षांची डायरी

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरमध्ये कुणाकडे नवीन गाडी आली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही मारुतीची सियाझ ही सेडान घेतली, पेट्रोल, मॅन्युअल, तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच विचारलं आणि मी शोरूममध्ये ऐकलेला आकडा सांगत सुटले, लिटरला २१.५६ किलोमीटर. माझे बाबा रामबागेतून पेढे खायला आले होते, त्यांनी काही विचारलं नाही, पिशवीतून बँकेची एक कोरी डायरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिल्या टाकीपासून लिही, मग सांग लोकांना." त्यांनी स्वतः स्कूटरची अशी डायरी कितीतरी वर्षं ठेवली होती, तारीख, रीडिंग, लिटर, भाव, सगळं निळ्या शाईत.

तर ती डायरी आता भरत आलीये आणि त्यातलं सगळं इथे सांगतेय, कारण सेडान घ्यावी का, पेट्रोल परवडतं का, असं विचारणाऱ्यांना मी दर वेळी फोनवर अर्धा तास तेच तेच सांगते.

पद्धत साधी आहे. टाकी फुल टू टाकी फुल. शक्यतो एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, पुढे "राउंड फिगर करून देऊ का मॅडम" याला ठाम नाही म्हणायचं, कारण तिथेच हिशोब बिघडतो. मागच्या वेळेपासून किती किलोमीटर झाले भागिले आत्ता किती लिटर गेलं. स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो कॉम्प्युटरचा अंदाज असतो, तो मी बघते पण डायरीत लिहीत नाही. आणि एका टाकीवरून मत बनवायचं नाही, चार-पाच टाक्या झाल्या की चित्र दिसायला लागतं.

आज ७४,३०० किलोमीटर झालेत आणि ४,६९० लिटर पेट्रोल, म्हणजे सरासरी १५.८. पण सात वर्षांत १५.८ ची टाकी मला जेमतेम दोन-तीनदा मिळाली असेल! बहुतेक वेळा एक तर ११ ते १३ येतं नाहीतर १९ ते २१. गावात आणि हायवेला मिळून जे येतं ते फक्त कागदावर राहतं, म्हणून कुणी "एकच आकडा सांग" म्हटलं की मी आधी विचारते, तुमचं रोजचं चालवणं किती आणि कुठे?

आता तो २१.५६. तो खोटा नाही, हे मला नीट सांगायचंय, कारण कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे, तिचं नाव आपण जाहिरातीत ऐकतो, आणि तो जो प्रमाणित आकडा असतो तो रस्त्यावरचा नसतोच, गाडी रोलर्सवर उभी करून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे साधारण २० मिनिटं चालवतात, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद, वारा नाही, चढ नाही, मध्ये येणारी गाय नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम आहे. आपल्या घरापासून ऑफिसपर्यंत किती लागेल हे मात्र त्यातून कळत नाही. (आमच्याकडे पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, नवरा कंपनीच्या बसनं त्या बाजूला रोज जातो, तिथे गाड्या कशा पळवतात ते एकदा बघायची माझी फार इच्छा आहे.)

डायरीतली सगळ्यात वाईट टाकी कोणती असेल? मला वाटायचं दिवाळीच्या गर्दीतली असेल, राजवाडा-सराफ्याकडच्या चकरा वगैरे. नाही. सगळ्यात वाईट २०२० च्या उन्हाळ्यातली, ९.४. रस्ते रिकामे, सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही, आणि अ‍ॅव्हरेज नऊ! दोन दिवस मला कळेना, मग बाबांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, "किती लांब नेत होतीस?" तेव्हा मी गाडी काढायची ती फक्त औषधं आणायला, दोन किलोमीटर जा, दोन किलोमीटर ये, आणि मध्ये तीन दिवस उभी. इंजिन थंड असताना त्याला जास्त पेट्रोल लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि इंजिन गरम होईपर्यंत आपण घरी पोचलेलो असतो. म्हणजे त्या महिन्यात माझी गाडी सतत आपल्या सगळ्यात खर्चिक पाच मिनिटांत चालत होती. बॅटरीही त्याच काळात एकदा पूर्ण उतरली.

या एका टाकीनं माझी सवय बदलली. आता मुलींना क्लासला सोडणं, भाजी, आईंची (सासूबाईंची) फिजिओथेरपी ही तीन कामं मी एका फेरीत लावते, आणि जे एक किलोमीटरच्या आत आहे तिथे चालत किंवा अ‍ॅक्टिवावर. फक्त एवढ्यानं गावातलं अ‍ॅव्हरेज साडेअकरावरून तेराच्या आसपास आलं, गाडीला काहीही न करता.

दुसरी गोष्ट रस्त्याची. ऑफिस विजयनगरला. एबी रोडनं गेलं तर भंवरकुआं, नवलखा, गीता भवन, पलासिया करत १३ किलोमीटर. रिंग रोडनं तीन इमली, पिपल्याहाना, बंगाली चौराहा, खजराना करत १६. सगळे म्हणायचे जवळचा रस्ता सोडून लांबून कशाला जातेस, मी दोन-दोन टाक्या दोन्ही रस्त्यांनी चालवून बघितलं. एबी रोडला साडेअकरा, रिंग रोडला पंधरा. भागाकार केला तर एका फेरीला एबी रोडनं एक लिटर १३० मिली आणि रिंग रोडनं एक लिटर ७० मिली, म्हणजे तीन किलोमीटर जास्त जाऊनही पेट्रोल थोडं कमीच, आणि वेळही दहा मिनिटं कमी. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला की तासाला पाऊण ते एक लिटर जातं, ते पेट्रोल कुठल्याच किलोमीटरच्या नावावर पडत नाही. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी सिस्टिम आमच्या गाडीत आहे, डाव्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी त्यासाठीही दिलेली असते, थंडीत ती छान काम करते, पण मे महिन्यात एसी जोरात असला की इंजिन चालू राहतं, ते साहजिक आहे, कारण एसीचा कंप्रेसर इंजिनावरच चालतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी सगळ्यांना डायरी ठेवा म्हणते तो. २०२२ चा पावसाळा संपला आणि अ‍ॅव्हरेज १३ वरून १२.१, मग ११.३, मग १०.८. रस्ता तोच, एसीसुद्धा कमी झालेला. एका सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी कॉम्प्युटर लावला, म्हणाले एरर काही नाही, ट्रॅफिकमुळे असेल, आणि इंजेक्टर क्लीनिंग वगैरे करून अडीच हजारांचं बिल हातात दिलं. पुढची टाकी १०.९. मला इतका राग आला होता की मी घरी येऊन डायरीची पानं फोटो काढून बाबांना पाठवली. मग घराजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले, त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही, म्हणाले आधी एक चक्कर मारून या, ब्रेक कमी लावा. परत आले तर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघितला आणि डाव्या पुढच्या चाकापाशी थांबले. "मॅडम, ये चक्का तो तप रहा है." ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या पिना चिखल-पाण्यानं सुकून अडकल्या होत्या, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता. गाडी तीन महिने थोडासा ब्रेक दाबून चालत होती असं समजा! पिना साफ केल्या, योग्य ते ग्रीस लावलं, डावीकडचे पॅड पार झिजले होते म्हणून पुढचे पॅड बदलले. पुढच्या टाकीला १३.२. त्या दिवसापासून पावसाळ्यानंतर मी ब्रेक उघडून साफ करून घेतेच घेते, आणि मधूनमधून लांबून आल्यावर चाकापाशी हात नेऊन बघते (रिमला हात लावू नका, भाजतं). पैशांचं सोडा, घासणारा ब्रेक घेऊन आपण मुलींना बसवून घाट उतरत होतो हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

हवेचंही तसंच. दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना, दर पंधरा दिवसांनी. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे मी देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हायवेला मात्र ही गाडी खरंच सुख देते. दर दिवाळीला किंवा उन्हाळ्यात पुण्याला नणंदेकडे जाणं असतं, राऊ, महू, मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासनचा घाट आणि धुळं. इंदूरला टाकी फुल आणि धुळ्याला फुल असं केलं की जाताना २१.९ पर्यंत आलंय आणि येताना त्याच रस्त्याला १९.८. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, धुळं अडीचशेच्या आसपास, म्हणजे जाताना पाच माणसं आणि सामानासकट गाडी माळव्याच्या पठारावरून खाली येते आणि परतताना तेवढंच ओझं वर चढवते. घाट उतरताना नवरा आधी न्यूट्रल करायचा, मी ते भांडून बंद केलं. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आताच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिनाचा ब्रेकही जातो, ट्रक पुढे असताना तो जायला नको.

वेगाचा हिशोबही त्याच रस्त्याचा आहे. ८५ च्या आसपास धरून गेलो तर २०-२१, एकदा उशीर झाला म्हणून ११० नं गेलो तर साडेसोळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८५ चे ११० केले की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि धुळ्याला पोचायला वाचला अर्धा-पाऊण तास, तोही जेवायला थांबलो तिथे गेलाच.

इथेनॉलबद्दल हल्ली सगळे विचारतात. आमची गाडी २०१९ ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे १० टक्क्यांवरून २० वर गेलं की तीन-साडेतीन टक्के फरक हिशोबानंच पडणार, २० चे १९.३. माझ्या डायरीतही पाऊण-एकचाच फरक आहे. ज्यांची गाडी एकदम तीन-चारनं खाली आलीये त्यांनी सगळं इथेनॉलवर न टाकता आधी हवा आणि ब्रेक बघावेत, माझी कळकळीची विनंती आहे.

पैशांचं बोलायचं तर आमच्याकडे पेट्रोलनं २०२१ मध्ये शंभरी ओलांडली आणि २०२५ मध्ये ते १०६ च्या घरात होतं, शेजारी गुजरातमध्ये बरंच स्वस्त, वडोदऱ्याच्या मावशीकडे गेलो की टाकी तिकडेच भरून निघतो. सात वर्षांत पेट्रोलवर ४ लाख ६० हजारांच्या आसपास गेले, किलोमीटरला सव्वासहा रुपये. सर्व्हिस, चार टायर, एक बॅटरी आणि विमा मिळून आणखी दोन लाखांच्या वर, म्हणजे पावणेतीन रुपये. आणि दहा लाखांची गाडी आज विकली तर साडेपाच येतील, म्हणजे सहा रुपये किलोमीटरला नुसते किंमत उतरण्याचे! पेट्रोलइतकाच हा खर्च आहे पण तो पंपावर दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही. आणखी एक, २० चे २१ करायला लोक धडपडतात, त्यात किलोमीटरला २५ पैसे वाचतात, पण १२ चे १३ केले तर ६८ पैसे. म्हणून मेहनत गावातल्या चालवण्यावर घ्यावी, हायवेवर नाही.

सीएनजी लावून घे असं अर्धी कॉलनी सांगते. आमचं महिन्याचं चालणं नऊशे किलोमीटर, आणि सिलिंडर बसला की ५१० लिटरची डिकी गेली. त्या डिकीत पुण्याला जाताना शेव, मावाबाटी, आईंची व्हीलचेअर, दोन बॅगा आणि मुलींची सायकलसुद्धा (चाकं काढून) गेलीये, ती मला सोडवत नाही. आईंना बसताना सेडान खोल पडते हे खरं आहे, गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आम्ही सीटवर एक टणक उशी ठेवली, आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, जमलं. पण एकदा बसल्या की मागे पाय ठेवायला एवढी जागा आहे की धुळ्यापर्यंत उतरायचं नाव घेत नाहीत.

२०२५ मध्ये सियाझ बंद झाली तेव्हा दोघा-तिघांनी सांगितलं, आता विकून टाक, पार्ट मिळणार नाहीत. हेच दीड लिटरचं इंजिन अर्टिगा, एक्सएल६, ब्रेझा अशा हजारो गाड्यांत बसलेलं आहे, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची मला काळजी नाही, आणि अजून पाच वर्षं ही ठेवायची हे आमचं पक्कं ठरलंय.

बाबांना आता नीट दिसत नाही, पण रविवारी मी गेले की ते डायरी मागतात आणि मी वाचून दाखवते. परवा टाकी भरली, ३४.१ लिटर, गावातलंच सगळं, १३.१. त्यांनी विचारलं, "डावं चाक बघितलंस का?" बघितलं होतं, गार होतं.