चोथ्याचं कौतुक

तुम्ही विचारलंत म्हणून. "ग्राप्पा म्हणजे चोथ्याचीच दारू ना? मग एवढी महाग?" इकडे, उत्तर इटलीतल्या फ्रिउलीत, पाहुणे आले की हे ठरलेलंच.

हो, चोथ्याचीच. वाइन काढून उरलेली सालं आणि बिया. लाल वाइनच्या चोथ्यात अल्कोहोल तयारच असतं, पांढऱ्याचा आधी आंबवावा लागतो. आपल्याकडे पहिल्या धारेचा बोलबाला. इथे पहिली धार फेकतात, शेवटचीही, मधलीच ठेवतात. यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

पूर्वी मी 1973 सालची गोष्ट सांगून पाहुण्यांना गप्प करायचे. इथल्याच पेर्कोतो गावच्या, ग्राप्पा गाळणाऱ्या जान्नोला नोनिनो यांना पिकोलित या एकाच जातीच्या द्राक्षांचा चोथा हवा होता. सगळा चोथा एकत्र टाकायची रीत. त्यांनी शेतकऱ्यांच्या बायकांना जादा पैसे देऊन तो वेगळा ठेवायला लावला, आणि गावठी समजली जाणारी दारू नाजूक बाटलीत जाऊन बसली.

नाशिकचा मामेभाऊ आला, तेव्हा शेजारच्या आजींकडे बसून मी हेच ऐकवत होते. तो म्हणाला, "ताई, आम्ही चोथा खतात टाकतो." मी हसून आजींना ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचे वडील दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने कसायचे. अर्धी वाइन मालकाची, उरलेली विकायची, घरात राहायचा तो चोथा. परवाना नव्हता, म्हणून थंडीत, रात्री, धुक्यात भट्टी लागायची. आजी तेव्हा लहान, दारात पहाऱ्याला. एका रात्री करवाले शिपाई आले आणि भांडं घेऊन गेले. तांब्याचं होतं, काकांकडून उसनं आणलेलं. वडील दंडासाठी नाही, त्या भांड्यासाठी रडले. ते सकाळी शेतावर जाण्याआधीच प्यायचे, आणि आईने आयुष्यात त्या दारूला चांगलं म्हटलं नाही.

"काय म्हणाल्या?" भावाने विचारलं. मी भांड्याचं सांगितलं, पिण्याचं गाळलं. आजही गाळेन. आजींच्या वडिलांना नाशिकच्या पंक्तीत कशाला बसवायचं?

"गरिबांची कल्पकता" असं मी ऐटीत म्हणायचे. कल्पकता होतीच, पण त्यांना दुसरं काय परवडत होतं? महाग का, तर ताजा चोथा जातवार वेगळा ठेवून लगेच भट्टीवर न्यावा लागतो, त्याला खर्च येतो. त्यातलं आजींच्या घराला काही मिळालं नाही. तरी पुढच्या पाहुण्यांनाही मी 1973 सांगणारच. तीही गोष्ट खोटी नाही.